कॅचर

"बाबा, माझा गुडघा कामातून गेला. क्लबला मी सांगेपर्यंत कुणाला बोलू नका," व्यावसायिक बेसबॉल खेळणाऱ्या गॅरेटनं सकाळी वडिलांना, लॉईडला, फोनवर सांगितलं.

संध्याकाळी डेलच्या गॅरेजमध्ये मित्रांची फँटसी बेसबॉलची टीम-निवड होती: खरे खेळाडू आळीपाळीनं निवडून कागदावरची टीम करायची आणि हंगामभर त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मिळवायचे. चांगले कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारे, मोजकेच, म्हणून सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. त्यात गॅरेट सर्वांत भारी. पण तो दरवर्षी लॉईडसाठी सोडलेला असे.

"उचल की तुझा पोरगा, नाहीतर मी नेतो!" डेल हसला.

लॉईड घुटमळला. गॅरेटला घेतलं तर अख्खा हंगाम फुकट जाईल, या हिशेबानं त्यानं दुसऱ्याच कॅचरचं नाव घेतलं.

पाळी डेलची होती. त्यानं लॉईडच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गॅरेटला सोडून एक पिचर, चेंडू फेकणारा, निवडला.


शेवटपर्यंत गॅरेटला कुणीच घेतलं नाही.