रिकामा हौद

झेनोबने बोटीच्या नाकाचा दोर खुंट्याला दोन वेढे जास्तच घातले आणि हाताची घडी घालून काठावर उभा राहिला. समोर लिफ्टच्या हौदाचं दार उघडं होतं. पाळी त्याची होती, आणि तो आत जात नव्हता.

हूडेंगच्या कालव्यावर बोटी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या त्या लिफ्टला शेजारी शेजारी दोन लोखंडी हौद. एक बोट घेऊन खाली उतरला की दुसरा बोट घेऊन वर चढायचा, नऊ माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीवर. आज दुपारी बाराला कालवा दुरुस्तीसाठी तीन आठवडे बंद होणार होता आणि ही शेवटची फेरी होती. वर झेनोब, बोटीत तूर्नेच्या चुनाभट्ट्यांना पोचवायचा तीनशे टन कोळसा. खालच्या हौदात त्याचा धाकटा भाऊ अर्सेन, रिकाम्या बोटीसह. बाराच्या आत वरच्या धक्क्यावर पोचला तरच अर्सेनला शेवटचा माल मिळणार होता. भावाभावांत अकरा वर्षं शब्द नव्हता. झेनोब ज्या बोटीत जन्मला ती बोट बापाने धाकट्याला दिली होती, आणि तीच आता खाली उभी होती.

"झेनोब, आत घे," मनोऱ्यातून म्हातारा नार्सिस ओरडला. लिफ्ट चालवायचा तो. "मला जेवायला जायचंय."

"मी उतरत नाही, काका."

"का? खाली भूत दिसलं?"

"भूत परवडलं. माझ्या तीनशे टनांच्या जोरावर त्याला वर चढवू? बसू दे तिथेच, शेवाळ खात."

कालव्यावर सगळे हेच म्हणायचे, भरलेला उतरतो म्हणून रिकामा चढतो. वरच्या बाजूला उतरणाऱ्या बोटींची कायम रांग, त्यामुळे खरंखोटं करायची वेळ कधी कुणावर आलीच नव्हती. भाऊ खाली अडकणार म्हणून झेनोबला तर आज सकाळपासून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

त्याची बायको लिओना बटाटे सोलायची सुरी घेऊनच बाहेर आली.

"तीन आठवडे इथे कोळशावर बसून राहायचं? भट्टीवाले थांबतील आपल्यासाठी?"

"नाही थांबले तर नाही थांबले. तो वर आलेला मला बघवायचं नाही."

"आपलं नाक कापून त्याला अपशकुन. शाबास."

"शेवटचं विचारतो," वरून नार्सिस म्हणाला. "नक्की?"

"नक्की."

म्हाताऱ्याने सरळ दांडा ओढला. या दोघांच्या भांडणाचा त्याला केव्हाच वीट आला होता. दार लागलं, हौद कालव्यापासून सुटला, आणि आत नुसतं पाणी घेऊन आरामात खाली जाऊ लागला.

झेनोबची हाताची घडी सुटली. शेजारच्या हौदातून आधी बोटीचं धुराडं वर आलं, मग दोरीवरचे वाळत घातलेले कपडे, मग कपड्यांमागे पाइप ओढत उभा असलेला अर्सेन.

"काका, हा वर कसा आला?"

"कसा म्हणजे? तू आत शिरलास की तुझ्या बोटीच्या वजनाएवढं पाणी हौदाबाहेर सरकतं. हौद होता तेवढाच जड राहतो. वरच्या हौदात मी फूटभर पाणी जास्त घेतो, त्याने तो उतरतो. तू आत असलास काय अन् नसलास काय."

"मग आधी नाही सांगायचं?"

"तू विचारलंस कुठे? तू तर मलाच शिकवत होतास."

झेनोबचे कान तापले. तीस वर्षं तो मानत आला होता की याच्या-त्याच्या बोटी आपल्या कोळशाने वर चढतात. खानावळीत तसं सांगतही आला होता. त्याला म्हाताऱ्याचा राग आला, भावाचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या पाण्याचा.

अर्सेनच्या हौदाचं दार उघडलं. पण पुढे वाट नव्हती. झेनोबने फक्त नाक बांधलं होतं, वाऱ्याने बोटीची शेपूट फिरून ती कालव्यात आडवी झाली होती.

"वहिनी," अर्सेन झेनोबकडे न बघता म्हणाला, "त्याला सांगा, वाट सोड म्हणावं."

"त्याला सांग, घाई असेल तर उडून जा."

"मी कुणाचे निरोप पोचवत नाही," लिओना म्हणाली.

"झेनोब, लिफ्टच्या तोंडाशी बोट आडवी लावायला मनाई आहे," नार्सिस ओरडला. "पाच मिनिटांत हलली नाही तर तुझा परवाना रद्द करायला लिहून पाठवतो. मग तीन आठवडे नाही, कायमचाच बस."

बाराला दहा कमी होते. झेनोब टपावरून लांब वासा उचलून शेपटाशी गेला, वासा समोरच्या काठाच्या दगडात रोवला आणि खांदा लावला. बोट ढिम्म. त्याने पुन्हा रेटा दिला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. तेव्हा कुठे ती भरलेली बोट इंच-इंच आपल्या काठाकडे सरकू लागली, आणि अर्सेनने पाइप न काढता सुकाणू फिरवलं.

लिओना मागे उभी राहून बघत होती. हात लावायला ती पुढे आली नाही.

"रेट," ती म्हणाली. "आता मात्र तो तुझ्याच जोरावर चाललाय."