सुईदोरा
जाहिरातींना फोटो पुरवणाऱ्या एजन्सीला म्हातारपणीचं प्रेम हवं होतं, म्हणून फोटोग्राफर भाची मावशीच्या शिवणाच्या दुकानात आली. “काका, मावशीच्या खांद्यावर हात ठेवा.” दोघंही पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ झाली. “हे आमचं नव्हे गं,” म्हणत मावशी पुन्हा बटणं लावायला बसली. दोरा संपताच तिने न बघता सुई काकांपुढे धरली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मुकाट्याने ती ओवून दिली. भाचीने तेवढंच टिपलं. “यात प्रेम कुठाय?” एजन्सीचा साहेब फोनवर म्हणाला. “एकमेकांकडे बघून हसू देत. नाहीतर दुसरा फोटोग्राफर बघतो.” “खुशाल बघा. आमच्याकडे प्रेम असंच दिसतं.” साहेबाने कुरकुरत तोच फोटो घेतला, पुढे तो मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. ते बघून मावशी गालातल्या गालात हसली. “प्रेम कसलं डोंबलाचं? त्या दिवशी आमचा कडक अबोला होता.”