चिमणीला धूर फुटला

प्लास्टिकच्या भल्यामोठ्या छपराखाली उन्हाने हवा तापायची, मधल्या उंच चिमणीतून वर पळायची आणि जाताजाता पातं फिरवून वीज करायची. राखणदार फेर्मीनने हे स्पेनच्या ला मांचा भागातल्या आपल्या गावाला सांगून सांगून घसा कोरडा केला होता. गाव म्हणायचं, "धुराशिवाय चिमणी? आधी तुझी चूल पेटू दे, मग बोल."

आज तर गावप्रमुख बाल्तासार सगळ्यांना घेऊनच आला. "चालत नसेल तर जमीन परत घेतो बाबा. मेंढ्या तरी चरतील."

फेर्मीन त्यांना फिरतं पातं दाखवायला निघाला, एवढ्यात चिमणीच्या तोंडातून निळसर धुराचा लोट वर चढला.

"पेटली रे, पेटली एकदाची!"

टोप्या उडाल्या. बाया नाचायला लागल्या. बाल्तासारने फेर्मीनच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि जमीन राहू द्यायचा शब्द तिथेच देऊन टाकला.

फेर्मीन मात्र धावत छपराखाली शिरला. त्याची बायको कासिल्दा पाहुण्यांसाठी द्राक्षवेलीच्या वाळक्या काड्यांवर कोकराच्या फासळ्या भाजत बसली होती, आणि सगळा धूर चिमणी सुरसुर वर ओढून घेत होती.

"अगं बाई, चुकलं का माझं? विझवू?"



बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. फेर्मीनने काड्यांचा आणखी एक भारा उचलला आणि आगीत टाकला.