कोंबडी कुठं चरली

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या डोंगरात सोनं सापडू लागलं, त्या वर्षीची गोष्ट. टॅबिथाने कोंबडी कापली, तर पोटात सोन्याचे दोन कण निघाले.

"अगं, आता दुसरी सोड आणि तिच्या मागं मागं जा," शेजारची हेस्टर म्हणाली. "कुठं चरतात ते तरी कळेल!"

टॅबिथालाही राहवेना. ओढा ओलांडून, टेकडी चढून कोंबडी एकदाची थांबली आणि माती उकरून चकाकते कण टिपू लागली. टॅबिथा जागीच थिजली. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला तिने इथंच पुरलं होतं.

कोंबडी काखेत मारून ती घरी परतली.

"काय गं, लागला पत्ता?" हेस्टरने कुंपणावरूनच विचारलं.

"छे! दिवसभर नुसती भटकली मेली," टॅबिथा म्हणाली आणि तिने खुराड्याला कडी घातली.