अब्बांचा फोन

औशाहून अब्बांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "यासेर, बँकेचं किती राहिलं?"

त्याला ना तारीख ना वेळ. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर काहीच नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या कर्जाला जामीन म्हणून त्यांची सही होती, एवढंच. मी वैतागायचो. "अब्बा, हप्ते मी भरून राहिलो ना? तुम्ही कशाला घोर लावून घेता?"

परवा शेवटचा हप्ता भरला आणि नांदेडहून पेढे घेऊन घरी गेलो. अब्बा दारातच चप्पल घालत होते. शेजारचे कलीमचाचा सकाळीच वारले होते. पेढे तसेच ठेवून मीही त्यांच्यासोबत निघालो.

जनाजा समोर ठेवला, रांगा लागल्या. नमाज सुरू व्हायच्या आधी रिवाजाप्रमाणे चाचांचा मुलगा पुढं येऊन उभा राहिला. "आमच्या अब्बांकडं कुणाचं काही देणं राहिलं असंल तर मला सांगा. मी फेडीन."

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. मुलानं मान खाली घालूनच होकार दिला.

कब्रस्तानातून परतताना मी सांगितलं, "अब्बा, कर्ज फिटलं."

ते थांबले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोहल्ल्यात मयत झाली, की घरी येऊन पयला फोन तुलाच लावत होतो."

थोडं चालून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "एक दिवस तुलाबी असंच उभं राहून इचारावं लागंल. पण आता हात कुणी वर करणार न्हाई."