सुतकातलं पळणं

परभणीच्या दवाखान्यातून बायको बायनाबाई गेल्याची खबर आली, तेव्हा माणिकराव कालव्याच्या रस्त्यावर रोजच्यासारखे पळून नुकतेच परतले होते. ही सवय बायकोनंच लावलेली. पहाटे ती पांघरूण ओढून म्हणायची, "उठा पहिलवान, म्हशीसुद्धा उठल्या!" पुढं त्यांना पळण्याची गोडीच लागली, स्वतःच्या आजारपणातही तिनं एक दिवस चुकू दिला नाही. राख सावडायच्या दिवशीही पहाटे जाग आली. बूट घालायला गेले, तर थोरला भाऊ खेकसला, "सुतकात पायात काही घालतेत व्हय?" माणिकराव अनवाणीच पळाले. पारावर कुणीतरी हसलं, "बायको मेली अन् गडी मोकळा सुटलाय बघा!" त्यांनी मान वळवली नाही, पूल गाठूनच परतले. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. उंबऱ्यावर बसून सवयीनं आत हाक मारली, "अगं, सुई आण." काटा पायातच राहिला.