लेखाखालची जागा

"कॉमेंट्स बंद करा काका," सल्लागार बाई पुन्हा म्हणाल्या. मिस्त्रीनं पुन्हा नुसता चष्मा पुसला.

बाकी त्यांचं सगळं त्यानं मुकाट ऐकलं होतं. साइट गोगलगाईसारखी उघडते, फोटो हलके करा. केले. पानभर जाहिराती पेरून ठेवल्यात, माणूस वाचणार काय, कपाळ? निम्म्या काढा, उरलेल्यांना भाव जास्त येईल. काढल्या. जुन्या लेखांवर नवी माहिती चढवा, वाचकांचे ईमेल गोळा करा, आठवड्याला त्यांना काहीतरी पाठवत चला. सगळ्याला हो. मिस्त्री शाळेत जेमतेम टिकलेला गडी, पण कामाचं माणूस त्याला बरोबर कळायचं, आणि ही बाई कामाची होती. मेलेले फोन जिवंत कसे करायचे यावरचा त्याचा ब्लॉग लाखो लोक वाचायचे आणि कमाई मात्र घरभाड्यापुरती. हे त्यालाही खुपत होतंच की.

पण कॉमेंट्सचं नाव काढलं, की गडी अडून बसायचा.

बाईंनी परोपरीनं समजावलं. त्या खालच्या जागेमुळे पान जड होतं. तिथून छदाम मिळत नाही. वर तुमची अख्खी सकाळ लोकांना उत्तरं देण्यात जाते, तेवढ्यात एखादा लेख होईल. संपर्काचं साधं पानसुद्धा नाही तुमच्याकडे, ते करू, त्यावर ईमेल देऊ, विषय संपला.

"ती जागा सोडून काय हवं ते कापा," मिस्त्री म्हणाला.

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. तिनं कप बाईंसमोर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नका डोकं फोडून घेऊ. ते तिथं पोरीची वाट बघत बसलेत."

पोरगी म्हणजे भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घटकाभर एका जागी ठरायची नाही म्हणून बापानं भिंगरी म्हटलं, आणि तिला ते इतकं आवडलं की जिथंतिथं तेच लावायची. ब्लॉग तिचाच. बाप फोन उघडून बडबडायचा, ती टाइप करायची, मधूनच म्हणायची, बाबा, जरा श्वास घ्या, माझी बोटं दमली.

मग एका चार्जरवाल्यानं तिला गाठलं. चार गोड ओळी लिही, पैसे घे. तिनं लिहिल्या. बापाला न विचारता आणि बापाच्या नावावर. त्या वाचून एकानं चार्जर घेतला, त्याचा फोन जळाला, आणि तो काळाठिक्कर फोन त्यानं आणून काउंटरवर आपटला. मिस्त्रीनं भरल्या दुकानात पोरीला फाडून खाल्लं. पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाला. ती पायात चपला सरकवून निघाली ती निघालीच.

त्यानंही तिरीमिरीत स्वतःचं सिमकार्ड कात्रीनं कापलं. दुनियेचे फोन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात चालू नंबर तेवढाच होता. पुढं लोकांच्या नजरा सोसेनात म्हणून दुकान सोडलं, ती गल्लीही सोडली. राग उतरला तेव्हा पोरीचा फोन लागेना. मैत्रिणी झाल्या, पाहुणे झाले, सगळ्यांचे उंबरे झिजवले. कुणाला काही ठाऊक नाही.

राहता राहिला ब्लॉग. त्याचा पत्ता तेवढा तिला माहीत होता. म्हणून मिस्त्री एका बोटानं टाइप करायला शिकला. लोकांना वाटायचं, याला लिहायची काय हौस. हौस कसली? वर लेख असला तर खाली जागा उघडी राहते, म्हणून लिहायचा. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी सगळ्या ओळी वाचून काढायचा. बाबा म्हणून नसेल लिहायचं तर नको. बॅटरी फुगली, काय करू, असं परक्यासारखं विचारलं तरी आपण बोलण्यावरून ओळखू, एवढी त्याला खात्री.

"इतक्या वर्षांत नाही लिहिलं, ती आता काय लिहिणार?" बायको म्हणाली. "काळीज दगडाचं झालंय तिचं. बापावर गेलीय." आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडं बघत राहिली.



"चुकली ती, पण हाकलली मी," मिस्त्री म्हणाला. "तिला यायचं झालं तर वाट एवढी एकच आहे, बाई. ती बुजवून मला पैसा नको."

बाईंनी पुन्हा कॉमेंट्सचा विषय काढला नाही. राहू दे म्हणाल्या, मग निदान तिथली साफसफाई तरी करून देते. पण बघतात तर काय, एवढा वाचला जाणारा ब्लॉग आणि खाली एक फालतू ओळ नाही. इतरांकडे कर्जवाले, लॉटरीवाले नंबर टाकून टाकून नुसता उकिरडा करतात. इथं कोण झाडू मारतं, त्यांनी विचारलं.

मिस्त्रीचा चेहरा पहिल्यांदा खुलला. हे त्याचं स्वतःचं डोकं. पोरगी गेल्यावर त्या नंबरवाल्यांनी उच्छाद मांडला होता. तिची एखादी ओळ त्या कचऱ्यात बुडाली तर, आपल्या नजरेतून सुटली तर, या धास्तीनं त्याला झोप लागेना. मग सेटिंगमध्ये चाचपडत शिरला आणि नियमच करून टाकला. फोन नंबर दिसला की ती कॉमेंट परस्पर उडवायची, मला दाखवायचीसुद्धा नाही.

"वा काका," बाई मनापासून म्हणाल्या आणि त्यांनी माउस पुढं ओढला. उडवलेलं लिखाण राहत नाही, टाकणाऱ्यांची नावं आणि तारखा तेवढ्या राहतात. कुणी एकच सारखा सतावत असेल तर त्याला कायमचा अडवून टाकू, म्हणाल्या.

मिस्त्री बशीत चहा ओतत होता. बायको रिकामा ट्रे घेऊन आत निघाली होती.

"सगळे कर्जवालेच आहेत," बाई स्क्रीनवर बघत म्हणाल्या. "ही भिंगरी म्हणून कोण आहे, ती तेवढी फार चिवट. वर्षानुवर्षं नंबर टाकत होती. पण काळजी नको काका, गेल्या वर्षापासून तिनंही नाद सोडलाय."